निवडुंगावरचा तपकिरी डाग : आधी ओळख, मग औषध

२०२३ च्या जून महिन्यातली गोष्ट. एका रविवारी मी इंदापूर तालुक्यात थोरल्या बहिणीकडे गेलो होतो. अक्काचे वीस गुंठे मुरमाड रान आहे. पूर्वी तिथे हुलगा, मटकी आणि पाऊस लागला तर बाजरी, याखेरीज काही निघत नसे. दाजींनी २०१९ साली त्या रानात ड्रॅगन फ्रूट लावले. सिमेंटचे खांब, खांबाच्या डोक्यावर सिमेंटची कडी आणि प्रत्येक खांबाला चार रोपे. पैसा कुठून आला म्हणाल, तर थोडा दाजींच्या मजुरीचा, बराचसा अक्काच्या बचत गटाच्या कर्जाचा आणि थोडा माझ्या पगारातला.

मी गेलो की अक्का आधी हातपाय धुवायला पाणी देते, मग चहा. त्या दिवशी ती बांधावरून उठलीच नाही. "भाऊ, रान गेलं बघ," एवढेच म्हणाली.

रानात जाऊन पाहिले. हिरव्या फांद्यांवर तपकिरी डाग पडले होते. कुठे अख्खी बाजू भाजल्यासारखी झालेली, कुठे बारीक ठिपके, तर कुठे बुडाशी लाकडासारखा रंग चढलेला. दाजींनी मोबाइलवर फोटो काढून तो एका दुकानात दाखवला होता. दुकानदाराने तीन बाटल्या दिल्या. एक बुरशीची, एक किडीची आणि एक टॉनिकची. तिन्ही एकत्र कालवून दोनदा फवारणी झाली. साडेतीन हजार रुपये गेले आणि डाग होते तिथेच राहिले.

मी कारकुनी करणारा माणूस. शेतीतले मला फारसे कळत नाही, पण हिशेब कळतो. तीन औषधे एकदम देणे याचा अर्थ देणाऱ्याला रोग कळलेला नाही, एवढे माझ्या लक्षात आले. म्हणून ओळखीच्या एका निवृत्त कृषी सहायकांना पुढच्या रविवारी गाडीवर बसवून रानात घेऊन गेलो. त्या दिवशी जे शिकायला मिळाले आणि नंतर वाचून, विचारून जी भर पडली, ते वाचक बंधू-भगिनींसमोर ठेवतो आहे. आपल्यापैकी काहींच्या रानात हे पीक आहे. पुष्कळजण दुसऱ्याच्या रानात छाटणीला, फवारणीला रोजाने जातात. आणि ज्यांचे रान नाही त्यांच्याही खोलीसमोर, पत्र्याच्या डब्यात एखादा निवडुंग असतोच. हा विषय तिघांचाही आहे.

ड्रॅगन फ्रूट हाही निवडुंगच

आपल्याकडे काटेरी आणि मांसल दिसले की त्याला निवडुंग म्हणायची पद्धत आहे. पण कुंपणाला लावतात तो थोर किंवा शेर हा खरा निवडुंग नव्हे. त्याला टोचले की पांढरा चीक येतो. तो चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होऊ शकते, म्हणून लेकरांना त्यापासून लांब ठेवावे. निवडुंगाच्या कुळातल्या झाडांचे मूळ घर अमेरिका खंड. ओढ्याकाठी, माळावर दिसणारा फड्या निवडुंग हा त्या कुळातला. आणि शेंदरी-गुलाबी फळ देणारे ड्रॅगन फ्रूट हेही त्याच कुळातले. गुजरात सरकारने २०२१ साली त्याला 'कमलम' असे नाव दिले.

बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके म्हटले की बाहेरच्यांना ऊस आठवतो. नीरा डावा कालवा आणि उजनीचे पाणी जिथे पोचले, तिथे ते खरेही आहे. पण याच तालुक्यांत जिरायत भाग मोठा आहे. पाऊस वर्षाला साधारण ५०० मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा. मुरूम आणि खडक वर आलेल्या अशा जमिनीत काय लावायचे, हा जुना प्रश्न आहे.

बारामती तालुक्यात माळेगाव खुर्द येथे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे. ती २००९ साली स्थापन झाली. दुष्काळ, उष्णता, खारवट जमीन, अशा ताणांत पिके कशी तगतील याचा अभ्यास तिथे चालतो. संस्थेला मिळालेली जागाच खडकाळ माळरान होती. त्या माळरानावर ड्रॅगन फ्रूटचा अभ्यास झाला, आणि खडकाळ, कमी पाण्याच्या जमिनीत येणारे फळपीक म्हणून संस्थेने त्याची माहिती शेतकऱ्यांपर्यंत पोचवली.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. निवडुंग म्हणजे वाळवंटातले झाड, त्याला ऊन काय करणार, असे आपण समजतो. पण ड्रॅगन फ्रूट वाळवंटातले नाही. ते मध्य अमेरिका आणि मेक्सिकोच्या जंगलात मोठ्या झाडांच्या अंगाखांद्यावर चढणारे झाड आहे. त्याला वरून झाडांची विरळ सावली मिळते. आपण त्याला सिमेंटच्या खांबावर, उघड्या माळावर, एप्रिल-मेच्या ४० अंश उन्हात उभे केले. पाणी कमी लागते हे खरे, पण ऊन सोसते हे पूर्ण खरे नाही. निम्मे तपकिरी डाग समजून घ्यायला ही एकच गोष्ट पुरेशी आहे.

डाग पाच प्रकारचे

आमच्या कृषी सहायकांनी रानात पाय टाकल्यावर औषधाचे नावही काढले नाही. त्यांनी प्रश्न विचारले. डाग झाडाच्या कोणत्या बाजूला आहे? बुडाशी आहे की शेंड्याला? हाताला कडक लागतो की मऊ? नखाने खरवडला तर निघतो का? वास येतो का? पहिल्यांदा कधी दिसला, उन्हाळ्यात की पाऊस पडल्यावर? डॉक्टर नाडी बघण्याआधी विचारतात, तसेच हे.

पहिला डाग वयाचा. झाड जुने झाले की बुडाकडून खोड तपकिरी आणि कडक होत जाते. हाताला लाकडासारखे लागते, कोरडे असते, ओल नाही, वास नाही. हा डाग खालून वर, वर्षावर्षाने सरकतो. वरच्या फांद्यांचे ओझे पेलण्यासाठी झाड स्वतःच आपले खोड पक्के करत असते. हा रोग नव्हे. यावर औषध मारणे म्हणजे म्हाताऱ्या माणसाच्या पिकलेल्या केसांवर इलाज करण्यासारखे आहे.

दुसरा डाग उन्हाचा. हा मार्च ते मे या काळात पडतो. ज्या बाजूला दुपारचे ऊन लागते त्या बाजूला, म्हणजे बहुधा नैर्ऋत्येला, आणि कडीवरून खाली वळलेल्या फांद्यांच्या पाठीवर तो दिसतो. आधी हिरवा रंग पिवळा पडतो, मग पांढुरका होतो आणि शेवटी तपकिरी, कोरडा. त्याच फांदीची सावलीकडची बाजू मात्र हिरवीगार असते. असे का होते? आपल्याला घाम येतो आणि अंग गार होते. बहुतेक झाडेही दिवसा पानांवाटे पाण्याची वाफ सोडून स्वतःला गार ठेवतात. निवडुंग मात्र पाणी वाचवण्यासाठी दिवसा आपली छिद्रे मिटून घेतो आणि हवा रात्री घेतो. पाणी वाचते, पण कडक उन्हात अंग गार करायची सोय राहत नाही. फांदी तापते आणि आतला हिरवा रंग जळतो. हा डाग एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जात नाही. पण भाजलेली जागा नाजूक होते आणि पावसाळ्यात बुरशीला तिथून आत शिरणे सोपे जाते.

तिसरा डाग किडीचा. खवले कीड फांदीला चिकटून बसते आणि बारीक तपकिरी टिकल्यांसारखी दिसते. नखाने खरवडली की टिकली निघून येते. डाग असता तर निघाला नसता. पिठ्या ढेकूण असेल तर पांढरा कापूस दिसतो आणि मुंग्यांची ये-जा असते. लाल कोळी डोळ्यांना सहसा दिसत नाही, पण त्याने रस शोषला की कोवळ्या भागावर गंजासारखा बारीक तपकिरी खरबरीतपणा येतो आणि कधी बारीक जाळेही दिसते.

फड्या निवडुंगावरच्या पांढऱ्या कापसाची एक वेगळीच कथा आहे. तो कापूस चिरडला की बोटे लालभडक होतात. या किडीच्या जातभाईंपासून पूर्वी किरमिजी रंग काढत असत. त्या रंगाच्या लोभाने इंग्रजांनी निवडुंग आणि कीड दोन्ही हिंदुस्थानात आणले. १७९५ साली आणलेली कीड रंगाच्या कामाची निघाली नाही, पण तिने पुष्कळ ठिकाणचा निवडुंग मात्र खाऊन टाकला. पुढे १९२६ साली तिची एक बहीण श्रीलंकेतून मुद्दाम आणली गेली, ती रान व्यापून टाकणारा निवडुंग मारण्यासाठीच.

चौथा डाग सडीचा. हा हाताला मऊ लागतो. आधी पाण्याने भरल्यासारखा पिवळसर, मग तपकिरी, आणि दाबला तर पाणी येते, घाण वास येतो. जास्त पाणी, बुडाशी साचलेली ओल आणि कुठेतरी झालेली जखम, अशी तीन कारणे जमली की जिवाणू आत शिरतात आणि सड होते. हा डाग वेगाने पसरतो. पाच-सहा दिवसांत अख्खी फांदी गळून आतला दोरासारखा गाभा तेवढा उरतो.

पाचवा डाग बुरशीचा. खरी भीती याची. यात दोन रोग मुख्य आहेत. एक करपा. यात तांबूस-तपकिरी, थोडा खोलगट डाग पडतो, त्याभोवती पिवळी कडा असते आणि कधी डागात एकात एक गोल वलये दिसतात. दुसरा कँकर. लिंबावरचा खैऱ्या ज्यांनी पाहिला आहे त्यांना हा समजायला सोपा जाईल. आधी टाचणीच्या डोक्याएवढे, फिकट पिवळे किंवा नारिंगी, किंचित दबलेले ठिपके दिसतात. ते मोठे होऊन तपकिरी होतात, मधला भाग वर येतो, खरबरीत होतो, आणि त्यावर बारीक काळे दाणे दिसू लागतात. ते दाणे म्हणजे बुरशीच्या बियांची कोठारे. शेवटी तो भाग वाळून गळतो आणि फांदीला भोक पडते. हे डाग फांदीच्या चारही बाजूंना, सावलीकडेही पडतात. पावसाळ्यात वाढतात. फळावर आले तर फळ विकायच्या लायकीचे राहत नाही.

कँकरच्या बुरशीचे शास्त्रीय नाव निओसायटॅलिडियम डिमिडिएटम. व्हिएतनाम, मलेशिया, तैवान या देशांत तिने ड्रॅगन फ्रूटच्या बागांचे मोठे नुकसान केले आहे, आणि भारतातही तिची नोंद झाली आहे. व्हिएतनामचे शेतकरी या रोगाला आपल्या भाषेत जे नाव देतात त्याचा सरळ अर्थ 'तपकिरी डाग' असाच होतो. डागाला घाबरायचे नाही, पण या डागाकडे काणाडोळाही करायचा नाही.

पेनाची खूण

फरक कळला तरी मनात शंका राहते. त्यासाठी कृषी सहायकांनी एक साधी युक्ती सांगितली. न पुसणाऱ्या शाईचे पेन घ्यायचे. डागाच्या कडेकडेने रेघ ओढायची आणि शेजारी तारीख लिहायची. असे दहा-बारा डाग निवडायचे, काही उन्हाच्या बाजूचे, काही सावलीचे, काही बुडाचे. आठ दिवसांनी बघायचे. डाग रेघेच्या आत असेल तर तो जुना झाला, म्हणजे उन्हाचा किंवा वयाचा. रेघ ओलांडून बाहेर आला असेल, किंवा शेजारी नवे ठिपके उठले असतील, तर तो जिवंत आहे. दोन रुपयांच्या शाईत साडेतीन हजारांच्या बाटल्यांचा निर्णय होतो. एक अट मात्र आहे. डाग मऊ असेल, वास येत असेल, तर आठ दिवस थांबायचे नाही. ती फांदी त्याच दिवशी कापायची.

अक्काच्या रानात आम्ही तसेच केले. आठ दिवसांनी मी परत गेलो. बुडाचे डाग वयाचे निघाले. नैर्ऋत्येकडचे बहुतेक सगळे डाग रेघेच्या आतच होते. मेमधल्या उन्हाचे ते भाजणे होते. अक्काच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. पण रस्त्याकडच्या ओळीतल्या अकरा खांबांवर डाग रेघ ओलांडून गेले होते. खरबरीत, मध्ये उंच, काळे दाणे असलेले. तो कँकर होता.

अकराच खांब, आणि तेही एकाच ओळीत, का? कृषी सहायकांनी विचारले, "ही ओळ कुणी छाटली?" माझी भाची शेजारी उभी होती. ती बायकांच्या टोळीबरोबर छाटणीला जाते. तिने आठवून सांगितले. सकाळी टोळीने पलीकडच्या गावातला प्लॉट छाटला होता. तिथे फांद्यांना असलेच डाग होते. दुपारी राहिलेल्या वेळात बायकांनी आईच्या रानातली ती एक ओळ छाटून दिली. "मामा, कात्री तीच होती," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

यात त्या मुलीचा काय दोष? तिला हे कुणी सांगितलेच नव्हते. ना मुकादमाने, ना प्लॉटच्या मालकाने, ना शिकल्यासवरलेल्या मामाने. इंदापूरच्या डाळिंबवाल्यांनी तेल्याच्या वेळी हेच भोगले आहे. तेल्याही कलमातून, कात्रीतून आणि पावसाच्या उडणाऱ्या थेंबांतून बागेमागून बागेत गेला. तेव्हा जे शिकलो ते दुसऱ्या पिकाला लावायला आपण विसरलो.

टाळायचे कसे

पहिली गोष्ट रोप. ड्रॅगन फ्रूट फांदीच्या तुकड्यापासून लावतात. त्या तुकड्याबरोबर बुरशीही विकत येऊ शकते. म्हणून रोप घेताना रोप पाहून भागत नाही. ज्या झाडाची फांदी कापली ते झाड दाखवा म्हणावे. त्यावर ठिपके असतील तर फुकट मिळाली तरी फांदी घेऊ नये. कापलेला तुकडा लगेच मातीत खुपसू नये. पाच-सात दिवस सावलीत, हवेशीर जागी ठेवावा, म्हणजे कापलेली जागा वाळून बंद होते.

दुसरी गोष्ट कात्री. खिशात स्पिरिटची लहान बाटली आणि फडके ठेवावे. एका खांबाचे काम झाले की पाती पुसावीत. डाग असलेली फांदी कापली तर लगेच पुसावीत. आधी निरोगी ओळी छाटाव्यात, डागाच्या शेवटी. पाऊस चालू असताना किंवा झाडे ओली असताना छाटणी करू नये.

तिसरी गोष्ट कापलेल्या फांद्या. डाग असलेली फांदी, डागाच्या खाली चांगला हिरवा भाग सोडून, शक्यतो सांध्यापाशी कापावी. कापलेला माल बांधावर, ओढ्यात किंवा खताच्या खड्ड्यात टाकू नये. त्यात बुरशी जिवंत राहते. निवडुंगाची फांदी रसाळ असल्याने नीट जळतही नाही. म्हणून रानापासून लांब खोल खड्डा घेऊन, वर चुना टाकून पुरावी.

चौथी गोष्ट पाणी. पाणी थोडे आणि ठिबकने द्यावे, तेही खोडाला चिकटून नव्हे. ठिबकची नळी खोडापासून वीतभर लांब असावी. पावसाळ्यात बुडाशी पाणी साचू नये म्हणून रोपे उंच गादीवर असावीत. फांद्यांची गर्दी विरळ केली की वारा खेळतो, झाड लवकर वाळते आणि बुरशीला ओल मिळत नाही.

पाचवी गोष्ट सावली. मार्चच्या मध्यापासून पाऊस लागेपर्यंत वर शेडनेट असेल तर भाजणे पुष्कळ कमी होते. नेटचा खर्च परवडत नसेल तर ओळींमध्ये शेवगा किंवा हदगा लावतात. त्याची विरळ सावली या झाडाला मानवते, आणि शेवग्याच्या शेंगा घरात भाजीला होतात. केओलिन नावाच्या पांढऱ्या मातीचे पाणी फवारले तरी ऊन परतवले जाते. उन्हाळ्यात भाजलेली फांदी हिरवी होत नाही, पण ती कोरडी आणि शांत असेल तर घाईने कापूही नये. ती आपल्या खालच्या फांद्यांना सावली देत असते.

डब्यातला निवडुंग

आता खोलीसमोरच्या डब्याकडे वळू. येथे रोग कमी, हौस जास्त. आपण प्रेमाने रोज पाणी घालतो आणि निवडुंग सडतो. डब्याच्या बुडाला भोके पाडावीत. एक भाग माती, एक भाग जाड वाळू किंवा विटेचा बारीक चुरा आणि एक भाग कुजलेले शेणखत, एवढे पुरे. काडी दोन बोटे खोल खुपसून पाहावी. ओली निघाली तर पाणी घालू नये. पावसाळ्यात डबा छपराखाली घ्यावा.

रोपवाटिकेच्या सावलीतून आणलेले रोप एकदम दुपारच्या उन्हात ठेवले तर दोन दिवसांत भाजते. आठ-पंधरा दिवस सकाळचे ऊन दाखवून सवय लावावी. खवले किंवा पिठ्या थोडा असेल तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसून काढावा. बुड सडले असेल तर निराश होऊ नये. सडीच्या वर, आत कुठेही तपकिरी रेघ दिसेनाशी होईपर्यंत स्वच्छ सुरीने कापत जावे. निरोगी शेंडा आठ दिवस सावलीत वाळवून कोरड्या वाळूत लावावा. बहुधा मूळ धरतो.

फवारणी करणाऱ्याचा जीव

ओळख पटल्यावर, बुरशीच आहे असे ठरल्यावर, मग औषध. द्राक्षवाल्यांना बोर्डो मिश्रण नवीन नाही. एक टक्क्याच्या मिश्रणाला १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी. थोडेच हवे असेल तर दहा लिटरला प्रत्येकी १०० ग्रॅम. दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या भांड्यांत विरघळवून मग एकत्र करावे. त्यात लोखंडाची स्वच्छ सळई किंवा विळा बुडवावा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असे समजून आणखी चुन्याची निवळी घालावी. मिश्रण त्याच दिवशी वापरावे आणि भर उन्हात फवारू नये. हे औषध नव्या फांद्यांचे रक्षण करते. पडलेला डाग कोणतेही औषध पुसून काढत नाही, हे नीट ध्यानात घ्यावे. दुसरे कोणते बुरशीनाशक घ्यायचे ते दुकानात नव्हे, तर कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी अधिकाऱ्यांना विचारावे. बारामतीचे कृषी विज्ञान केंद्र माळेगावच्या शारदानगरला आहे. जायला जमत नसेल तर किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक आहे, त्याला पैसे पडत नाहीत. नमुना न्यायचा असेल तर फांदी प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून न्यावी, उघडी नेऊन वाटेवर रोग सांडू नये.

दाजींनी तीन बाटल्या एकत्र कालवून, तोंडाला काही न बांधता, अनवाणी फवारणी केली होती. दोन दिवस त्यांचे डोके दुखत होते. ते आम्ही उन्हावर ढकलले. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसाहून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले. ती माणसे आपल्यासारखीच रोजावर जाणारी होती. औषधाच्या डब्यावर रंगीत चौकोन असतो. लाल म्हणजे सर्वांत विषारी, त्याखाली पिवळा, मग निळा, मग हिरवा. अक्षर वाचता आले नाही तरी रंग वाचता येतो. आपल्या मनाने औषधे एकत्र करू नयेत. हातमोजे, बूट, तोंडाला फडके, अंगभर कपडे असावेत आणि वाऱ्याकडे पाठ करून फवारावे. काम झाल्यावर साबणाने अंघोळ केल्याशिवाय लेकराला जवळ घेऊ नये, भाकरीला हात लावू नये. मालकाने मोजे दिले नाहीत तर मागावेत. मागण्यात लाज नाही. चुकीच्या डागावर मारलेले औषध पैसा तर घालवतेच, पण ते मारणाऱ्याच्या छातीतही जाते.

अकरा खांबांचे काय झाले

अकरापैकी चार खांबांवरची रोपे पूर्ण काढून पुरावी लागली. सात खांबांच्या डाग पडलेल्या फांद्या कापल्या आणि उघडीप पाहून बोर्डोची फवारणी केली. त्या हंगामात त्या ओळीला फळ जवळजवळ आलेच नाही. बाकीच्या रानात आले. बचत गटाचा एक हप्ता उशिरा गेला, पण गेला. २०२४ च्या उन्हाळ्यात दाजींनी जुन्या साड्या आणि थोडे नेट जोडून नैर्ऋत्येच्या बाजूला सावली केली. भाजणे थांबले नाही, पण निम्म्यावर आले. मोकळ्या झालेल्या चार खांबांवर अक्काने आपल्याच रानातल्या निरोगी झाडाच्या फांद्या वाळवून लावल्या.

भाचीच्या कमरेला आता स्पिरिटची बाटली असते. सुरुवातीला मुकादम कुरकुरला, वेळ जातो म्हणाला. तिने त्याला आईच्या रानातली ती ओळ दाखवली. आता त्या टोळीतल्या आठही बायका कात्री पुसतात, आणि डाग असलेला प्लॉट दिवसाच्या शेवटी घेतात. ज्यांच्या बागा आहेत ते मालक ही टोळी आता आधी बोलावतात, असे अक्का सांगते.

थोडक्यात लक्षात ठेवा

बुडाशी, कडक, कोरडा डाग : वयाचा. काही करू नका.
एकाच बाजूला, उन्हाळ्यात, आधी पिवळा मग पांढुरका : उन्हाचा. सावली करा.
नखाने निघणारी टिकली किंवा पांढरा कापूस : कीड. थोडी असेल तर पुसून काढा.
मऊ, ओला, वास येणारा : सड. त्याच दिवशी कापा, पाणी तोडा.
चारही बाजूंना, खरबरीत, काळे दाणे, पावसात वाढणारा : बुरशी. कापा, पुरा, कात्री पुसा, मग जाणकाराला विचारून औषध.

आपल्या घरातले कुणी छाटणीला जात असेल तर एवढे पाच मुद्दे त्यांना वाचून दाखवा. आमच्या घरात ते कुणी वाचून दाखवले नव्हते, म्हणून चार खांब गेले.